सरांचा बिनडायलचा फोन

आमच्या सरांकडे कोणी गेलं की त्याला आधी ‘कॉमा’ मिळायचा आणि मग खुर्ची. “या कॉमा बसा कॉमा पाणी घ्या फुलस्टॉप,” असं ते एका दमात म्हणत. नवा माणूस मागे वळून बघायचा, की हा कॉमा नावाचा नोकर कुठे उभा आहे.

नागपूरच्या इतवारीत भांड्यांच्या दुकानांवर, पहिल्या माळ्यावर, सरांची टायपिंग आणि शॉर्टहँडची इन्स्टिट्यूट होती, मागच्या खोलीत बिऱ्हाड. तीस वर्षं पोरांना डिक्टेशन देऊन देऊन त्यांच्या जिभेला विरामचिन्हं चिकटली होती, ती काही केल्या सुटत नव्हती. काकूंशी भांडतानाही नाही. “तू माझं कधी ऐकलं नाही कॉमा आजही ऐकत नाही कॉमा” अशी गाडी सुरू झाली की काकू आतल्या खोलीतून ओरडायच्या, “अजी, फुलस्टॉप कुठं मेला तुमचा?” मग सर गप्प. नवरा-बायकोचं भांडण इतक्या व्याकरणशुद्ध रीतीनं संपलेलं मी दुसरीकडे कुठे पाहिलं नाही.

मॅट्रिक झाल्यावर मी तिथे शिकायला गेले. माझा बाप गिरणीत होता. आम्ही इंदोऱ्याला राहायचो, दलित वस्तीत. “पाय दुखले तं दुखू दे, बोटं चालली पाह्यजे,” असं म्हणून बापानं मला इंदोऱ्याहून इतवारीपर्यंत रोज पायी धाडलं. दीड वर्षात माझा स्पीड इतका झाला की सरांनी मला शिकवायलाच ठेवून घेतलं. तेव्हा माझं वय एकोणीस, आणि जीभ मात्र पन्नाशीच्या बाईची. सरांना उलट उत्तर देणारी इन्स्टिट्यूटमध्ये मी एकटीच होते, आणि खोटं कशाला सांगू, सरांना ते आवडायचं.

आता सरांचं मुख्य तत्त्व सांगते, कारण पुढचं सगळं रामायण त्यातूनच झालं. त्यांचं म्हणणं एकच: “चालून राहिलं ना? मग बदलायचं नाही.” चष्म्याची एक काडी मोडली, तर तिथे त्यांनी टायपरायटरची जुनी रिबन बांधली. काचा तर चालत होत्या ना! रिबन अर्धी काळी, अर्धी लाल. उन्हाळ्यात घाम आला की सरांचा डावा कान गुलालात बुडवल्यासारखा दिसायचा. भिंतीवरचं घड्याळ वीस मिनिटं मागे होतं. काटे फिरवले तर मशीन बिघडेल म्हणून ते तसंच. आम्ही सगळे मनातल्या मनात वीस मिनिटं मिळवायचो. कॅलेंडरसुद्धा दरवर्षी नवं आणत नसत. जुन्या कॅलेंडरांचा एक गठ्ठा होता, त्यातून वार-तारखा जुळणारं एखादं शोधून टांगायचे. “तारखा त्याच आहेत कॉमा खिळाही तोच आहे फुलस्टॉप.” एका वर्षी फेब्रुवारीत एकोणतीस तारीख आली, ती भिंतीवर नव्हतीच. तो दिवस आम्ही बिनतारखेचा काढला.

लोक हसायचे. मीही हसायचे. पण एकदा दोन पालक आले होते, चांगले कोटबिट घातलेले, आणि मी पार्टिशनच्या मागे रिबन बदलत होते. त्यांना माहीत नव्हतं मी तिथे आहे.

“सर, आमच्या पोराले ती बाई शिकवते, तिच्या जागी दुसरं कोणी नाही का ठेवता येत?”

“काहून?”

“नाही म्हणजे... ती इंदोऱ्याची ना...”

मग सर म्हणाले, “तिचा स्पीड साठ आहे. चुका शून्य. तुमच्या पोट्ट्याचा स्पीड बावीस, अन् चुका मोजायले मले दुसरा माणूस ठेवावा लागते. आता सांगा, कोणाले बदलू?”

ते दोघे जिना उतरून गेले. मी पार्टिशनमागे उभी, दोन्ही हात शाईनं काळे, आणि त्याच हातांनी डोळे पुसले. बाहेर आले तर तोंड कोळशाच्या वखारीतून काढल्यासारखं. सरांनी माझ्याकडे पाहिलं आणि एवढंच म्हणाले, “तोंड धुवून ये फुलस्टॉप.” त्या दिवसापासून त्यांच्या तत्त्वाला मी हसले, पण जरा बेतानं.

फोन हा त्या तत्त्वाचा कळस होता. काळाकभिन्न, वजनाला वरवंट्याएवढा, आणि त्याला डायल नव्हती. पूर्वी लागतच नव्हती. रिसीव्हर उचलला की एक्स्चेंजमधली बाई “नंबर?” म्हणायची, आपण नंबर सांगायचा, ती जोडून द्यायची. सर तिलाही डिक्टेशनच द्यायचे. मग एका वर्षी आमच्या भागातलं एक्स्चेंज ऑटोमॅटिक झालं. एक्स्चेंजमधली बाई गेली. आता ज्यानं त्यानं आपला नंबर आपणच फिरवायचा. लाईनमन गुलाबराव नवा कोरा डायलवाला फोन बगलेत घेऊन जिना चढून आला.

“सर, जुना द्या, नवा घ्या. फुकट आहे जी.”

सरांनी जुन्या फोनवर हात ठेवला. “हा बिघडला का?”

“नाही जी.”

“घंटी वाजते?”

“वाजते.”

“आवाज येते?”

“खणखणीत येते.”

“मग बदलायचा काहून?”

“अजी सर, एक्स्चेंजच बदललं ना! आता याच्यावर तुमाले फोन येतीन, पण तुमी कोणाले लावू नाही शकत. नंबर फिरवायले डायल कुठं आहे याले?”

“एक्स्चेंज त्याहीनं बदललं कॉमा मी नाही बदललं फुलस्टॉप. बिघाड त्यांच्याकडे आहे.”

गुलाबराव माझ्याकडे पाहायला लागला. मी खांदे उडवले. चालत्या फोनला हात लावू देणार नाही, असा अर्ज सरांनी तिथल्या तिथे टाइप केला, तीन कार्बन लावून, समास सोडून. वरची प्रत गुलाबरावला, एक खात्याला, एक फाइलला, आणि एक कोणाला ते सरांनाही ठाऊक नव्हतं. महिन्याभरानं उत्तर आलं की आपला अर्ज विचाराधीन आहे. सरांनी ते काचेखाली लावलं आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवायला लागले. “पाहा कॉमा सरकारले विचार करायले लावलं फुलस्टॉप.”

झालं. आमच्या इन्स्टिट्यूटचा फोन फक्त कान असलेला आणि तोंड नसलेला झाला. लोक आम्हाला बोलवू शकत, आम्ही कोणाला नाही. सरांना त्याचं काही नव्हतं. पण काकूंची बहीण धरमपेठेत राहायची आणि तिच्याकडे नुकताच फोन आला होता.

“मले माझ्या बहिणीशी बोलायचं आहे,” काकू म्हणाल्या.

“ती लावीन ना तुले.”

“ती काहून लावीन? ती लहान आहे. मी मोठी. मी लावीन अन् ती उचलीन.”

सरांनी गुलाबरावला बोलावून घेतलं, चहा पाजला आणि विचारलं, की बाबा, डायल म्हणजे नेमकं काय करते?

गुलाबराव बिचारा सरळ माणूस. म्हणाला, “काही नाही जी. पाचचा आकडा फिरवला तं तार पाच खेप तुटते अन् जुळते. तिकडं मशीन मोजते. रिसीव्हर ठेवायच्या जागी हे जे खटके आहेत ना, ते पाच खेप दाबले तरी तेच होते.” आणि बोलून झाल्यावर आपण काय बोललो ते त्याच्या ध्यानात आलं. त्यानं कपाळावर हात मारून घेतला.

सरांचा चेहरा मात्र असा उजळला की काय सांगू! खटके दाबायचे! आणि तेही मोजून, एका लयीत! अहो, तीस वर्षं त्यांनी दुसरं केलं काय होतं?

दुसऱ्या दिवसापासून इन्स्टिट्यूटमध्ये नवाच तमाशा सुरू झाला. सरांना फोन लावायचा असला की ते टाळी वाजवून ओरडायचे, “स्टॉप टायपिंग!” ही आमची परीक्षेची आज्ञा. ती ऐकली की जिथं असेल तिथं बोट थांबलंच पाहिजे. एक अक्षर जास्त पडलं तर सर कान उपटत. वीस मशिनी एकदम मुक्या व्हायच्या. मग सर रिसीव्हर कानाला लावून खटक्यावर टकटक टकटक करायचे, मध्ये थांबायचे, परत टकटक. खाली बोहारीण ओरडली की मोजणी चुकली, परत पहिल्यापासून.

आणि फोन लागायचा! पण काकूंच्या बहिणीकडे नाही. तो लागायचा एका लाकडाच्या टालावर.

पहिल्यांदा टालवाला चिडला. दुसऱ्यांदा ओरडला. आठव्या-दहाव्या वेळी तो म्हणाला, “सर, तुमीच ना? बोला, कसं काय?” रोज तोच, रोज टाल. सर आकडे बरोबर दाबत होते, आम्ही सगळे मोजत होतो, तरी रोज टाल. शेवटी भानगड मीच शोधली. मी सरांच्या बोटांकडे पाहत बसले होते. मधलं बोट आकडे मोजून दाबायचं, अगदी बिनचूक. पण नंबर संपला रे संपला, की सरांचा अंगठा आपण होऊन खाली यायचा आणि खटक्याला एक टिचकी जास्त द्यायचा.

“सर, तुम्ही स्पेस देता!”

“काय?”

“शब्द संपला की अंगठ्यानं स्पेस देतो ना आपण? तुम्ही नंबर संपला की स्पेस देऊन राहिले. म्हणून शेवटचा आकडा एकानं वाढतो.”

सर अंगठ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, “शब्दानंतर स्पेस देणे कॉमा हे बरोबर आहे फुलस्टॉप.”

मी म्हटलं, मग शेवटचा आकडा एकानं कमी दाबा, हिशेब बरोबर बसेल. तर केवढ्यानं अंगावर आले! “मुद्दाम चूक करू? पोट्ट्यांना शून्य चुका शिकवतो मी अन् स्वतः चुकीची प्रॅक्टिस करू?” आता अशा माणसाला काय बोलणार! अंगठा काही ऐकेना. कधी यायचा, बहुतेक वेळा यायचाच. काकूंचं बहिणीशी बोलणं महिन्यातून एखाद्या वेळी व्हायचं. टालवाल्याशी मात्र एवढा घरोबा झाला की त्याच्या मुलीच्या लग्नाची पत्रिका आम्हा सगळ्यांना आली. आम्ही गेलो. टालवाला मांडवात सगळ्यांना ओळख करून देत होता, “हे आमचे राँग नंबरवाले सर.” सरांना मानाचा फेटा बांधला. व्याह्यांच्या बाजूचा एक माणूस विचारत होता, की हे नात्यानं कोण लागतात? टालवाला म्हणाला, “लागत नाहीत जी, तेच तं. दुसरीकडं लावतात, अन् लागतात मले.”

त्याच सुमारास कोराडीला वीजकेंद्र उभं राहत होतं. तिथे टायपिस्ट घ्यायचे होते. मी सरांना न सांगता अर्ज केला, परीक्षा दिली, आणि प्रतीक्षा यादीत दुसरी आले. मग सांगितलं. सर म्हणाले, “इथं तुझं काय वाईट चालून राहिलं?” मी म्हटलं, वाईट काही नाही सर, पण ती पक्की नोकरी आहे. बापाच्या छातीत कापसाची धूळ बसली होती, रात्र-रात्र खोकायचा. मला नोकरी लागली की तो गिरणी सोडणार होता. हे सगळं सरांना माहीत होतं. ते फक्त “हं” म्हणाले आणि खिडकीबाहेर पाहायला लागले. पुढे दोन महिने तो विषय कोणी काढला नाही. मी मात्र रोज पोस्टमनची वाट पाहायची. अर्जावर पत्ता इन्स्टिट्यूटचा दिला होता, कारण आमच्या वस्तीत पत्र पोचेल याची खात्री नव्हती.

आणि मग तो मारबतीचा दिवस आला. नागपूरकरांना मारबत सांगायला नको. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी काळी आणि पिवळी मारबत निघते, म्हणजे बाईचे मोठाले पुतळे, पुढे-मागे बडगे, म्हणजे कागदाचे पुरुषी पुतळे, आणि सगळं शहर रोगराई, महागाई, जे नको असेल ते तिच्यासोबत पाठवून देतं. “घेऊन जाय गे मारबत!” असा पुकारा इतवारीच्या गल्ल्यांतून घुमतो. दुकानं बंद, रस्ते माणसांनी गच्च. मुंगीनं ठरवलं तरी तिला पलीकडे जाता येत नाही. शहराला सुट्टी, पण आमच्या सरांकडे सुट्टी नाही. टायपरायटरला वीज लागत नाही आणि मारबतही लागत नाही, असं त्यांचं म्हणणं. त्यामुळे सकाळी गर्दी व्हायच्या आधी मी आणि चार मुलं येऊन बसलो होतो. मुलं तर ढोल ऐकल्याबरोबर गॅलरीत पळाली.

काकू आतून आल्या. हातात एक लांबट पाकीट.

“हे पाह्य वं,” त्या मला म्हणाल्या, “यांच्या मशिनीखाली झाडत होती तं सापडलं. तुझं नाव आहे ना याच्यावर?”

पाकीट फोडलेलं होतं. आत कोराडीचं पत्र. यादीतली पहिली मुलगी आली नाही, तुम्ही तयार असाल तर अमुक तारखेला दुपारी एकच्या आत समक्ष किंवा फोननं कळवावं, नाहीतर जागा पुढच्या उमेदवाराला जाईल. तारीख त्याच दिवसाची होती. पाकिटावरचा शिक्का चार दिवसांपूर्वीचा. भिंतीवर सव्वाबारा झाले होते, म्हणजे आमच्या हिशेबानं बारा पस्तीस.

मी सरांकडे पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर सगळं लिहिलेलं होतं.

“चालू मशीन कॉमा,” ते पुटपुटले, “अशी कोणी उचलून देत नाही कॉमा...”

“मी मशीन आहे का सर?”

मी ओरडले. आयुष्यात पहिल्यांदा सरांवर ओरडले. “चार दिवस! चार दिवस तुम्ही हे दाबून ठेवलं! माझा बाप तिकडे खोकून राहिला, आणि तुम्ही पत्रावर मशीन ठेवून बसले!” मला रडू येत होतं आणि रागही, दोन्ही एकाच वेळी. काकू भिंतीला टेकून खाली बसल्या.

सर उठले आणि फोनपाशी गेले. “लावतो,” म्हणाले.

“याच्यावरून? ह्या फोनवरून?” मला हसावं की डोकं आपटून घ्यावं ते कळेना. पण दुसरा मार्गच नव्हता. खालचं भांड्याचं दुकान बंद, त्यांचा फोन कुलपात. गल्ली तुडुंब. कोराडीच्या ऑफिसला शहराचाच नंबर होता, आणि बांधकाम चालू असल्यामुळे तिथे सुट्टी-बिट्टी काही नव्हती. साहेब फोनपाशी बसलेला असणार, आणि एक वाजला की पुढच्या नावाला हात घालणार.

सरांनी टकटक केली. लागला. एक ट्रान्सपोर्टवाला होता. अंगठा! परत केली. इतक्यात मारबत आमच्या कोपऱ्यावर आली आणि ढोलांचा असा दणका उठला की खिडकीची तावदानं थरथरली. सरांची मोजणी ढोलात गेली. फोन लागला तो एका प्रसूतिगृहात. “मुलगा झाला,” तिकडची बाई म्हणाली. “कोणाचे तुम्ही?” सरांनी अभिनंदन करून रिसीव्हर ठेवला. मी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. तिथे बारा चाळीस, म्हणजे खरा एक वाजलाच की!

“काकू, एक वाजला!” मी म्हटलं.

“नाही वं,” काकू मनगटावरचं घड्याळ दाखवत ओरडल्या, “परवा मी भिंतीवरच्याचे काटे पुढे केले दहा मिन्टं. यांले सांगितलं नाही.”

म्हणजे दहा मिनिटं उरली होती. सरांनी बायकोकडे एकदा असं पाहिलं, की एरवी घर डोक्यावर घेतलं असतं. पण ते तरातरा गॅलरीत गेले. खाली हजारो माणसं. कागदाचे बडगे डोलत होते, ढोल, ताशे, शिट्ट्या, नुसता कल्ला. सरांनी कठडा धरला, छाती भरून घेतली, टाळी वाजवली आणि ओरडले, “स्टॉप टायपिंग!”

आता तुम्हाला खोटं वाटेल. पण इतवारीतल्या तीस वर्षांतल्या निम्म्या पोरांनी त्या खोलीत बोटं झिजवली होती. एका ढोलवाल्याची काडी हवेतच थांबली. मग दुसऱ्याची. ताशेवाला तर दचकून हात मागेच घेऊन उभा राहिला. ज्यानं बडग्या धरला होता तो आमचा जुना विद्यार्थी बंडू. तो मागे वळून ओरडला, “थांबा रे भैताडांनो! सर आहेत!” एकामागून एक सगळं शांत होत गेलं. मारबत रस्त्यात उभी. मागची माणसं पुढच्यांना विचारायला लागली की काय झालं, आणि पुढचे म्हणायला लागले, “श्श! सरचा फोन लागून राहिला.”

सर धावत आत आले. त्यांनी रिसीव्हर उचलला आणि खटक्यावर बोट ठेवलं. मी त्यांच्या शेजारी गेले आणि सरळ त्यांचा अंगठा दोन्ही हातांनी घट्ट धरला. सरांनी माझ्याकडे पाहिलं. मग मधलं बोट चालायला लागलं. टकटकटक. थांबले. परत. शेवटच्या आकड्याला माझ्या मुठीत तो अंगठा असा उसळला, जसा पकडलेला मासा. मी सोडला नाही. दात-ओठ खाऊन धरून ठेवला.

“हॅलो,” तिकडून आवाज आला, “कोराडी.”

सरांनी आनंदानं हात वर केला. खालच्यांना वाटलं, सुरू करा म्हणतात. आणि ढोल परत दणाणले!

“मी तयार आहे साहेब!” मी रिसीव्हरमध्ये किंचाळले.

“कोण? कशाला तयार? कसला गोंधळ आहे हा?”

“मारबत आहे साहेब! मी टायपिस्ट! प्रतीक्षा यादी, नंबर दोन!”

तीन वेळा नाव सांगितलं तेव्हा त्याला कळलं. मग म्हणाला, सध्या कुठे कामाला आहात, त्यांची सोडायला काही हरकत आहे का, ते त्यांनाच सांगू द्या, म्हणजे उद्यापासूनच या. मी रिसीव्हर सरांच्या पुढे धरला. घाईत तो त्यांच्या चष्म्याला लागला.

सरांनी तो घेतला.

“हरकत आहे कॉमा,” ते ओरडले.

मी रिसीव्हर ओढून घ्यायला हात पुढे केला.

“लय मोठी हरकत आहे कॉमा. अशी टायपिस्ट मले पुन्हा मिळणार नाही कॉमा. चार दिवस तुमचं पत्र मीच दाबून ठेवलं कॉमा, तिची काही चूक नाही कॉमा...” त्यांचा आवाज फाटला. खाली सगळी गल्ली एका सुरात ओरडत होती, “घेऊन जाय गे मारबत!” सरांनी डोळे मिटले आणि म्हणाले, “घेऊन जा. फुलस्टॉप.”

त्यांनी रिसीव्हर ठेवला. मी त्यांच्या पाया पडले. राग होता, तरी पडले. ते म्हणाले, “गॅलरीत जाऊन पाह्य, मारबत गेली का,” आणि आतल्या खोलीत निघून गेले.

दुसऱ्या दिवशी मी कोराडीला रुजू झाले. बापानं महिनाभरात गिरणी सोडली. नवी जागा, नवी माणसं, मशीनवर सकाळी राखेची पूड बसलेली असायची, ती आधी पुसायची. सरांची आठवण यायची, पण त्यांच्याकडे जायला मन धजत नव्हतं. त्या चार दिवसांचा राग थोडा शिल्लक होता, हेही खरं.

पंधरा दिवसांनी दुपारच्या सुट्टीत शिपाई आला, म्हणाला तुमचा फोन आहे. आम्हाला कोण फोन करणार! मी धावत गेले.

“हॅलो,” सर म्हणाले. “डबा खाल्ला का?”

“सर! तुम्ही? बरोबर लागला?”

“हौ.”

“पहिल्याच खेपेला?”

“हौ. डायल फिरवली. गुलाबरावनं कालच बसवून देला नवा.”

माझा विश्वासच बसेना. “तुम्ही बदलला? काहून सर? जुना बिघडला का?”

“बिघडला कायले? मस्त चालून राहिला होता.” सर म्हणाले, “पण तू गेल्यापासून रोज भलत्याच माणसायले विचारून राहिलो ना वं, डबा खाल्ला का म्हणून.”